पडद्यातली माती
"थांबा! हात काढा सगळ्याजणींनी," यहोहना म्हणाली आणि माग थांबला.

यरुशलेमच्या मंदिरात परमपवित्र स्थानापुढचा पडदा आम्ही बायका विणायचो. यहोहना आमची मुकादमीण. तिचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने गढूळ होत चालले होते, म्हणून हल्ली ती बोटांनीच पाहायची. आता तीच बोटं नव्याने विणलेल्या पट्ट्यावर अडली होती.

"इथे सूत मऊ लागतंय. जवस कुठाय?"

निळी, जांभळी, किरमिजी लोकर आणि जवसाचं पांढरं सूत अशी चारही एकत्र पिळायची, ही आमची रीत. निळं आभाळाचं, जांभळं समुद्राचं, किरमिजी आगीचं, आणि जवस मातीत उगवतं म्हणून ते मातीचं. घरच्या कपड्यात लोकर आणि जवस एकत्र आलं तर पाप, आणि इथे नाही आलं तर पाप.

सूत पिळायला बसणारी शपीरा रडायलाच लागली. खेड्यातली तरणी विधवा, कामाला नवी.

"मावशी, हात धजेना हो. आमच्या बाबांनी एकदा नवाकोरा अंगरखा चुलीत घातला होता, त्यात दोन्ही सुतं आहेत म्हणून. पिळायला बसले की तेच आठवायचं. मग पांढरं बाजूला ठेवत गेले."

मला हसू फुटलं. पोरगी इतकी देवभीरू, की देवाचाच पडदा बिघडवून बसली! पण यहोहनाचा चेहरा पाहिला आणि माझं हसू जिरलं. उसवायचं म्हणजे पडदा वल्हांडणाच्या सणापर्यंत पुरा होणार नव्हता.

नवा पडदा टांगण्याआधी शुद्ध करून पायऱ्यांवर पसरतात, लोकांना पाहता यावा म्हणून. विणणारीलाही तो अख्खा तेव्हाच दिसतो, कारण मागावर तो विणेल तसा गुंडाळत जातो. हा यहोहनाने स्वतः आखलेला पहिलाच पडदा. आता वल्हांडण चुकला की थेट सहा महिन्यांनी मांडवांचा सण, आणि तोवर तिचे डोळे टिकणार नाहीत, हे वैद्याने तिला तोंडावर सांगितलं होतं.

"राहू दे गं," मी तिला बाजूला घेऊन म्हणाले. "आत जाणार कोण? वर्षातून एकदा एक महायाजक, तोही धुपाच्या धुरात. त्याला काय कळणार कपाळ!"

"मला कळलंय ना."

"मग सणाला पसरू, तू डोळे भरून बघ, आणि नंतर उसवू."

"एकदा शुद्ध केलेल्या पडद्याला कात्री लावायची? शहाणीच आहेस." मग ती जरा हळू बोलली, "आभाळ, पाणी, आग, सगळं देवापुढे टांगायचं आणि माती तेवढी वगळायची? मग आपण उभं कुठे राहायचं गं?"

मला तिचा राग आला आणि अभिमानही वाटला.

पडद्यांवर देखरेख करणारा याजक योआजार आला तो तणतणतच.

"चूक कोणाची?"

"माझी. सूत तपासायचं काम माझं."

"त्या नव्या बाईला आधी घरी पाठवा."

"मग पिळायला तुम्ही बसता का?" यहोहना म्हणाली. "तिच्याइतकं नेमाने आता कोणी पिळायचं नाही."

योआजार पाय आपटत निघून गेला. आम्ही त्याच दिवशी उसवायला घेतलं. वल्हांडणाला जुनाच पडदा टांगलेला राहिला.

मांडवांच्या सणाला आमचा पडदा पायऱ्यांवर पसरला. लोक पाहून थक्क होत होते. शपीरा यहोहनाचा हात धरून तिला पुढे घेऊन आली. तोवर यहोहनाला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. सवयीने तिने हात पुढे केला.

"ए आजी, हात लावायचा नाही!" राखणीला उभा असलेला मंदिराचा लेवी सेवक ओरडला. "शुद्ध केलाय तो."

"अरे, तिनेच तर..." मी उसळून म्हणाले. यहोहनाने मला गप्प केलं.

"बरोबर बोलतोय तो." तिने हात मागे घेतला आणि शपीराला विचारलं, "कसा झालाय?"

"निळा, जांभळा, लाल... मावशी, नुसता झळाळतोय."

"आणि जवस? दिसतंय का कुठे?"

शपीरा खाली वाकली आणि खूप वेळ निरखत राहिली.

"नाही हो मावशी. कुठेच दिसत नाही."

"मग नीट पिळलंयस," यहोहना म्हणाली. "चल, मागे लोक खोळंबलेत."