दिवेलागणीनंतरचं मीठ

अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात सरकारने जाड्या मिठावर डोळे वटारले आणि संध्याच्या चपला झिजल्या. कायदा बदलला की दुकानोदुकानी जाऊन तो साध्या भाषेत समजावायचा, एवढ्यासाठीच व्यापारी संघाने तिला नेमलं होतं. नवा नियम असा, की खाण्यासाठी फक्त आयोडीनचं मीठ विकायचं. जाडं मीठ मासळी सुकवायला चालेल, पण खाण्यासाठी विकताना सापडलात तर नुसत्या दंडावर भागणार नाही, थेट तुरुंग.

मांडवीतलं मोरूकाका आणि ठमाबाईचं दुकान तिने उद्यावर टाकलं होतं. तिथे चहा मिळतो, सावकाश बसू, असा बाईसाहेबांचा बेत. पण संध्याकाळी कचेरीत परतली, तर अन्नभेसळ खात्याचे नवे इन्स्पेक्टर चहा पीत मांडवीचा रस्ता विचारत होते. तिने तशीच रिक्षा पकडली.

दुकानात दाराशीच जाड्या मिठाची गोणी उघडी होती. ठमाबाई देवापुढे दिवा लावून नुकतीच बाहेर आली होती.

"मोरूकाका, ते मीठ..." संध्याने सुरुवात केली, तोच ठमाबाईने तिला अडवलं.

"दिवा लागला गो बाय. आता त्याचा नाव काढायचा नाय."

दिवेलागणीनंतर मीठ द्यायचं नाही, लक्ष्मी जाते, हे संध्याच्या घरीही पाळत. ठमाबाईकडे तर नावसुद्धा वर्ज्य. संध्या काकुळतीला आली. नाव न घेता ती गोणीकडे बोट दाखवू लागली, आणि तेवढ्यात पायरीवर इन्स्पेक्टर येऊन उभे राहिले.

ती झटकन सुक्या बांगड्यांकडे तोंड करून उभी राहिली. कचेरीत त्यांनी तिला पाहिलं होतं.

"लोणच्यासाठी जाडं मीठ हवंय. दोन किलो द्या," ते म्हणाले.

बोलावं तर त्यांच्यादेखत कसं बोलणार, आणि गप्प बसावं तर म्हातारा तुरुंगात जाणार. मोरूकाका उठल्याचा आवाज आला. संध्याने डोळे मिटले.

"आता नाय मिळायचा," मोरूकाका म्हणाला. "दिवेलागण झाली."

इन्स्पेक्टरांनी दुप्पट भाव देऊ केला. मोरूकाका तापलाच. घरात हे शिकवणारं कोणी मोठं माणूस आहे की नाही, असं त्याने उलट त्यांनाच विचारलं. त्यांनी संध्याच्या पाठीकडे पाहिलं, मग सकाळी येतो म्हणून निघून गेले.

संध्या वळली. मग तिने सगळा नियम एका दमात सांगून टाकला आणि मिठाचं नाव त्यात किती वेळा आलं याची तिला शुद्ध नव्हती. या वेळी तिला कोणी अडवलं नाही. मोरूकाकाचा चेहरा उतरला. या वयात तुरुंग? आपल्याच गोणीकडे तो तिच्यात साप शिरल्यासारखा पाहत राहिला.

गोणी आत्ताच सुकवणीच्या खळ्यावर न्या, मासळीसाठी तिथे चालेल, असं संध्या म्हणाली. पण या वेळी ते उंबऱ्याबाहेर काढायचं? मोरूकाकाने बायकोकडे पाहिलं. अख्ख्या संसारात दिवेलागणीनंतर ते कधी बाहेर गेलं नव्हतं.

ठमाबाई दिव्यासमोर जाऊन उभी राहिली. हात जोडून ती परत आली आणि तिने पदर खोचला.

"मीठ," ती कशीबशी म्हणाली. "मीठ उचला."

गोणीचं दुसरं टोक तिनेच धरलं.