बाहेरचे बूट

आमच्या गावात मेल्यावरही शाळेतच यावं लागतं. चर्चमध्ये चाळीस माणसं मावतात आणि अंत्यविधीला दीडशे येतात, कारण आमच्याकडे दुसरं काही घडत नाही. मतदान, लग्नं, फ्लूची लस, बर्फाच्या वादळात अडकलेले ट्रकवाले, सगळं शाळेच्या हॉलमध्ये. मी तिथली कारकून. बुकिंग माझ्याकडे, त्यामुळे कोण गेलं ते मला पाद्र्याच्या आधी कळतं.

हॉलचा खरा मालक मात्र ओरेस्ट ह्नातिउक, एकतीस वर्षं शाळेचा शिपाई. बाहेरचे बूट घालून त्या लाकडी जमिनीवर कोणी पाय ठेवला, तर तो असा ओरडायचा की धान्याच्या कोठारापर्यंत ऐकू जाई. एका मंत्र्यालाही त्याने मोज्यांवर भाषण करायला लावलं होतं. भाषण आटोपशीर झालं.

ऑगस्टातल्या एका सोमवारी त्याने जमिनीला व्हार्निशचा शेवटचा हात मारला, 'सात दिवस पाय ठेवू नये' अशी पाटी लावली आणि घरी गेला. मंगळवारी पहाटे गेलाच.

बुधवारी त्याची बायको व्हर्ना ऑफिसात आली. "हॉल पाहिजे."

डेलॉर्म सर, आमचे नवे मुख्याध्यापक, शहरातले. "खास बाब म्हणून शुक्रवारी देतो," म्हणत ते पाटी काढायला उठले.

"पाटीला हात लावू नका," व्हर्ना म्हणाली. "सात म्हणजे सात."

"मग दुसरीकडे कुठे..."

"दुसरीकडे नाही. जन्मभर ओणवा होऊन घासलंय त्याने ते. एकदा तरी तिथे पाठ टेकू दे."

"मग करायचं काय?"

"थांबायचं. त्याला कुठे घाई आहे?"

गाव थांबलं. अंत्यविधीच्या जेवणासाठी केलेले कोबीचे रोल फ्रीझरमध्ये गेले. "अंत्यविधी कधी?" असे फोन यायचे, मी सांगायची, "वाळलं की." काय वाळायचंय, ते कोणी विचारलं नाही.

पुढच्या मंगळवारी पावसाने चिखल झाला होता. कॉरिडॉरमध्ये दीडशे जोड बूट. पाद्र्याच्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. पेटी उचलणारे सहाजण इतके घसरत होते की ओरेस्ट आज दुसऱ्यांदा जातो की काय, असं वाटलं. पण पोचले. पेटी मधोमध ठेवली, झाकण उघडलं.

सगळ्यात शेवटी व्हर्ना आली. चिखलाने भरलेले, टाचांचे बूट घालून.

मी तिला हटकायला उठले आणि परत बसले. ती टक टक करत सरळ मधून गेली. मागे काळ्या ठशांची ओळ. पेटीपाशी थांबून तिने वळून ती ओळ नीट पाहिली, मग वाकून त्याच्याकडे पाहिलं.

"काय रे," ती म्हणाली. "ओरड की आता."

पाद्र्याने पुस्तक उघडलंच नाही. खरं सांगते, आम्ही सगळ्यांनीच जरा वाट पाहिली.