न चाळलेली नाचणी

स्कूटरचा आवाज वळणावर आला तशी शांताने झाडू पुन्हा उचलला. अंगण सकाळीच झाडून झालं होतं. पोफळीची एक झावळी तेवढी पडली होती, तीही तिने मघाशी ओढून न्हाणीमागे टाकली होती. तरी ती झाडत राहिली. झाडणाऱ्या बाईला आलेल्या माणसाच्या तोंडाकडे लगेच बघावं लागत नाही.

“मामी, आता काय माती काढतलात अंगणातली?” हेल्मेट काढत सेजल म्हणाली.

सेजल हरमलची, लेकीच्या सासरच्या गावची. आईवडील पर्यटकांना खोल्या देतात, आणि ही मुलगी मेलेल्या माणसांचे दात तपासते. दातांची डॉक्टर नव्हे, हे शेजारणींना समजावून समजावून शांताने शेवटी सोडून दिलं होतं. घाटमाथ्यावरच्या एका गुहेत हजारो वर्षांपूर्वीची हाडं सापडली होती. ती माणसं खालून वर गेलेली की मुळातली वरचीच, हे सेजलला त्यांच्या दातांवरून ओळखायचं होतं. त्यासाठी आधी ज्यांचं गाव ठाऊक आहे असे आजचे दात हवेत. म्हणून पेडणे आणि डिचोलीतली गावं ती पालथी घालत होती. झऱ्याचं पाणी बाटलीत, माती पिशवीत, गोगलगायींचे शंख डबीत, आणि कुणी दिलाच तर लहानपणचा एखादा दात.

मागच्या खेपेला तिने सोप्यावर बसून सगळं सांगितलं होतं. प्रत्येक डोंगराच्या कातळाची आपली एक खूण असते. कातळ झिजून मातीत येतो, मातीतून धान्यात, धान्यातून दातात. हाड आयुष्यभर बदलत राहतं, दात एकदा बनला की बनला. दुधाची दाढ तर आईच्या पोटातच बनायला लागते आणि मूल वर्षाचं होईपर्यंत थरावर थर चढत जातात.

शांताने तेव्हा मजेत ऐकून घेतलं होतं. असला दात आता मिळणार कुठे? पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून छपराच्या नळ्यांवर फेकायचा, अशी इथली रीत. पण तिचा नवरा दत्ताराम उठला. जो माणूस पाहुण्यांसमोर पाणी हवं की चहा एवढंही विचारत नाही, तो आत गेला आणि सुपारीचा जुना डबा घेऊन आला. दर वर्षी नळे परतताना सापडायचे, तो म्हणाला. टाकून कसे देणार? डब्यात लेकीचे, सायलीचे दात होते. त्यातली एक दाढ त्याने चिमटीत धरून सेजलच्या तळहातावर ठेवली.

“अस्सल पाळी गावची,” तो म्हणाला.

शांता चहाचं निमित्त करून आत गेली होती, ती चहा उकळून उकळून कडू होईपर्यंत बाहेर आली नव्हती.

कारण ते वर्ष सायली पाळीत नव्हतीच. रीतीप्रमाणे शांता पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, आंबोली घाटाच्या वर. बारशाचा दिवस आपल्याला न विचारता ठरवला म्हणून सासू रुसली, आणि बारशाला पाळीहून कुणी आलं नाही. दत्तारामही नाही. शांताने ठरवलं, बोलावणं येईपर्यंत जायचं नाही. बोलावणं आलं नाही. ती परतली तेव्हा सायली भिंत धरून उभी राहू लागली होती. पुढे सासू वारली, माहेरचा भाऊही वारला. गावात ज्यांना आठवत होतं त्यांच्या घरच्या सुनांच्या गोष्टीही झाकायच्याच होत्या, म्हणून ही झाकली गेली.

आणि झाकलेल्या जागेवर शांताने एक वाक्य नेऊन ठेवलं: मी तिसऱ्या महिन्यात सासरी हजर होते. ती हे सायलीला लग्नाआधीपासून सांगत आली होती. आता तर रोज सांगत होती. सायलीचं पोर चार महिन्यांचं होऊन गेलं होतं आणि तिचं हरमलला परत जायचं नाव नव्हतं. सासरी खोल्यांच्या चादरी धुवायच्या, पाहुण्यांचे नाश्ते करायचे. नवरा गौरेश वाईट नव्हता, पण कामाखेरीज तिच्याशी बोलत नव्हता. सासूचे फोन येत होते, गणेश चवथीच्या आत ये. सायली फोन उलटा करून ठेवायची. आणि शांता म्हणायची, मी तर तिसऱ्या महिन्यात.

आता सेजल त्याच वर्षाचा हिशेब घेऊन सोप्यावर बसली होती.

दत्ताराम भिंतीला टेकून माटोळीची चौकट नीट करत होता. गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधायची ती लाकडी चौकट, तिचा एक कोपरा वर्षभरात सुटला होता. गावची लोखंडाची खाण बंद पडल्यापासून त्याचा ट्रक ताडपत्रीखाली उभा होता आणि हातांना काहीतरी लागायचं. सायली पोराला मांडीवर थोपटत होती. शांताने चहाचे कोप आणले आणि उभीच राहिली.

“सायलीताई, तू पाळीची म्हणजे अगदी पाळीची,” सेजल म्हणाली. “पहिल्या थरापासून शेवटच्या थरापर्यंत. इतका साफ आकडा क्वचितच येतो. आता गावाचा नमुना म्हणून हीच दाढ धरणार.”

शांताने चहाचा कोप तिच्या पुढ्यात ठेवला.

“म्हणजे आई खरंच तिसऱ्या म्हयन्यात इलली,” सायली म्हणाली. “माका वाटायचा, फेकता.”

सेजल हसली. दत्ताराम हसला नाही. त्याने सुतळी दातात धरली आणि ओढली.

शांता जिंकली होती. इतके दिवस जिच्या भीतीने ती झाडलेलं अंगण झाडत होती, तीच दाढ तिच्या बाजूने साक्ष देत होती. आता एवढंच म्हणायचं होतं, बघ, मशीनसुद्धा सांगतंय, बांध सामान. तिने तोंड उघडलंही. पण पोर मांडीवर झोपेत दचकलं, सायलीने त्याच्या छातीवर हात ठेवला, आणि शांताला दिसलं की पोरीच्या बोटांची नखं, चादरींच्या पाण्याने गेलेली, या चार महिन्यांत आत्ता कुठे पुन्हा वाढली होती.

“तुझा मशीन चुकला गो,” ती सेजलला म्हणाली.

“कसं काय, मामी?”

“ह्या चेडू त्या वर्षी हय नव्हताच. आमी आंबोलीवर होतो. तिसऱ्यात नाय, अकराव्या म्हयन्यात इलंय मी.”

ती हे भिंतीकडे बघून बोलली. सायलीचं थोपटणं थांबलं.

सेजलने वही उघडली नाही. ती थोडी पुढे सरकली, आणि तिच्या आवाजातली चेष्टा गेली. दातात गाव येत नसतं, ती म्हणाली, खाणं येतं. तुम्ही तिकडे काय खात होतात?

“आंबील. बाळंतीण दुसरा काय खाता? चेडवाकव थोडी चाटवायचय.”

“नाचणीची? मग बरोबर. नाचणीत दाताला लागतं ते भरपूर. भातापेक्षा तीच जास्त उतरते. पण घाटावरचा कातळ वेगळा, मामी. पाळीचा डोंगर त्याच्यापेक्षा कितीतरी जुना. घरची नाचणी खाल्ली असतीत तर आकडा असा आलाच नसता.”

“घरचीच,” शांता म्हणाली, आणि थांबली.

घरची नव्हती. त्या वर्षी गव्यांनी माहेरचं शेत तुडवलं होतं. एक दाणा हाती लागला नव्हता. भाऊ म्हणाला होता, बाजारातून आणतो. मग दर काही दिवसांनी पोतं यायचं, बेळगावचा भाजीचा ट्रक गोव्यात रिकामा होऊन घाटाने परत जायचा त्या वेळेला. शांता ती नाचणी धुवायची तेव्हा टोपाच्या तळाशी पूड बसायची. काळसर, जड, उन्हात धरली की चमकणारी. ती त्या बाजारवाल्याला शिव्या घालायची, मेला वजनाला रेती मिसळतो. भाऊ ऐकून घ्यायचा आणि गुरांकडे निघून जायचा.

तसली पूड तिने नंतर या घरात रोज पुसली होती. मेजावरून, जनेलाच्या गजांवरून, दत्तारामच्या शर्टाच्या कॉलरमधून. खाणीची धूळ. रोज पुसली, आणि एकदाही ओळखली नाही.

दत्तारामची नाचणी डोंगराच्या उतारावर व्हायची, खाणीच्या अगदी कडेला. तो उतार आता नव्हता. खाणीने तो खाल्ला, आणि त्या जागी हिरव्या पाण्याचा खड्डा होता. सायलीच्या दाढेत जेवढा राहिला तेवढाच.

शांता उंबऱ्यावर बसली. डोळ्यांत पाणी यायला हवं होतं बहुधा. आला तो राग. ते वर्ष तिचं होतं. सगळ्या आयुष्यात एकच वर्ष ती कुणाच्या हुकुमावाचून, कुणाच्या अन्नावाचून, आपल्या हट्टावर जगली होती. नंतरच्या प्रत्येक भांडणात तिने ते मनातल्या मनात काढून बघितलं होतं, ठेवणीतल्या लुगड्यासारखं. आणि तेव्हाही ती दत्तारामचंच खात होती. एका पोत्याने माणूस चांगला ठरत नाही. आईसमोर उभं राहायची हिंमत नव्हती म्हणून पोतं पाठवलं. पाठवलं तरी सांगितलं नाही. इतक्या वर्षांत, एकदाही.

“मग परत कित्याक इलंस?” सायलीने विचारलं. हळू, पोर उठू नये म्हणून.

भाऊ एक दिवस म्हणाला होता, बाजारात आता नाचणी मिळत नाही. शांताने त्याचा अर्थ आपल्यापुरता लावला होता, की आता आपण भावाला जड झालो, आणि संध्याकाळी बोचकं बांधलं होतं.

“नाचणी संपली,” ती म्हणाली.

सेजल निघाली तेव्हा तिने कापून उरलेली अर्धी दाढ परत दिली. गावाचा नमुना म्हणून ती आता चालणार नव्हती. पण सेजल रागावलेली दिसली नाही, नुसती अस्वस्थ. गुहेतल्या हाडांत एका लहान मुलाचाही दात होता, ती हेल्मेट घालता घालता म्हणाली. सापडला वर, आकडा खालचा. मी लिहून टाकलंय की हे मूल खाली वाढलं आणि मग वर नेलं. तेवढं बोलून ती किल्ली फिरवायची विसरली. मग फिरवली.

ती वळणाआड जाते न जाते तोच सायलीचा फोन वाजला. हरमल. सायलीने आईकडे बघितलं. शांता उठली, तो फोन तिने स्वतः घेतला, आणि विहीणबाईंना अतिशय गोड आवाजात सांगितलं की पोराला सर्दी आहे, चवथ इथेच होऊ दे, मग काय ते सायलीच सांगेल. पोराला सर्दी नव्हती.

“खोटी,” सायली म्हणाली. पण तिने पोराला उचललं आणि आत जाताना आईच्या खांद्याला खांदा घासून गेली.

सोप्यावर दोघंच उरली. दत्तारामने अर्धी दाढ डब्यात टाकली, झाकण लावलं आणि पुन्हा चौकट पुढ्यात ओढली. एका हाताने कोपरा दाबून दुसऱ्या हाताने सुतळी आवळणं जमत नव्हतं. शांता बघत राहिली. मग जाऊन तिने कोपरा धरला.

“ती नाचणी चाळून तरी धाडूची होती,” ती म्हणाली.

त्याने मान वर केली नाही. सुतळीचा फेर घातला, गाठ मारली, आणि गाठीवर अंगठा तसाच दाबून ठेवला.

“ट्रकवालो थांबाक तयार नव्हतो,” तो म्हणाला.