पन्नास ते साठ मिनिटं

विज्दानने इयरफोन कानात घट्ट खोचला आणि व्याख्यानाच्या रेकॉर्डिंगचा तुकडा तिसऱ्यांदा मागे नेला. चार मिनिटं डॉक्टर सुबैही हृदयाच्या औषधांचे डोस सांगत होते, मग "पाच मिनिटं विश्रांती" म्हणाले, खुर्च्या सरकल्या, आणि त्यापुढे हदील हसत होती.

"तिच्या आईने पुन्हा बरणी पाठवलीय," हदील कोणाला तरी सांगत होती. "दह्याचे गोळे, तेलात मुरवलेले. झाकण उघडलं की बकरीच समोर उभी राहते. मी दर रविवारी हॉस्टेलच्या कचऱ्यात टाकते."

"मग घेतेस कशाला?"

"नोट्स कोण देणार, तुझा बाप? परीक्षा होऊ दे, मग बघ तिला शेजारी बसू देते का."

इर्बिद शहरातल्या त्या फार्मसी कॉलेजात पुस्तक कोणी उघडत नसे. सुबैहींचे प्रश्न पुस्तकातून येतच नसत, त्यांच्या तोंडून जे निघेल त्यातून येत. म्हणून दोनशे मुलांचा एक ग्रुप होता. हदील आपला फोन सरांच्या टेबलावर ठेवून व्याख्यान रेकॉर्ड करायची आणि घड्याळ बघून दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडून वाटायची. आपापला तुकडा ज्याने त्याने शब्दन् शब्द लिहून द्यायचा, ग्रुप चालवणाऱ्या कुतैबाने सगळे जोडायचे, की झाली शीट तयार. तुकडे पाडताना हदील ते ऐकायची तसदी घेत नसे. या खेपेला विश्रांतीत फोन बंद करायलाही विसरली होती बाईसाहेब, आणि पन्नास ते साठ ही मिनिटं नेमकी विज्दानच्या नावावर पडली होती.

दोनदा काम चुकवलं की ग्रुपबाहेर, असा नियम होता. विज्दानचं एकदा झालं होतं. जानेवारीत बर्फ पडून अजलूनच्या डोंगरातलं तिचं गाव तीन दिवस अंधारात होतं तेव्हा. तिच्या जुन्या फोनमध्ये शीट साठवायला जागा नव्हती, ग्रुपमध्येच उघडून ती वाचायची. ग्रुप गेला की शीट गेल्या, शीट गेल्या की गुरुवारचा पेपर गेला, आणि पेपर गेला की फीमाफीची जागा गेली. पुढे घरी बसायचं, दुसरं काय.

तिने चार मिनिटांचं लिहिलं. पाऊण पान झालं. खाली 'विश्रांती' एवढा एकच शब्द टाकला. शब्दन् शब्द लिहायचा नियम तिलाही पाठ होता, पण आपल्या आईची बरणी दोनशे जणांनी वाचावी असं कुठल्या मुलीला वाटेल? रडू येत होतं, राग त्याहून जास्त येत होता. पण पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतं. तिने ते पान कुतैबाला पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी दुपारी, वाचनालयात कुतैबा तिच्या टेबलापाशी आला. मागोमाग हदील.

"दहा मिनिटं दिली होती तुला," कुतैबा म्हणाला. "आणि पाऊण पान?"

"मधे विश्रांती होती."

"सहा मिनिटं? सुबैही पाच म्हणतात आणि दोन मिनिटांत पुन्हा सुरू करतात. मी काय नवा आहे का इथे?"

"होती," विज्दान म्हणाली. "हदीलला ऐकायला सांग."

हे ती मुद्दामच म्हणाली. ऐकेल, ओशाळेल, आणि 'हो रे, विश्रांतीच आहे' म्हणून विषय मिटवेल, एवढीच तिची अपेक्षा होती.

हदीलने आपल्या फोनवर तो भाग लावला. विज्दान तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. चार मिनिटांनी हदीलच्या भुवया जराशा वर गेल्या, पुन्हा खाली आल्या. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग अंगठ्याने काहीतरी दाबलं आणि इयरफोनची वायर बोटाभोवती सावकाश गुंडाळली.

"शिकवलंय सरांनी," ती कुतैबाला म्हणाली. "विश्रांती जेमतेम दीड मिनिट."

"मग दुसऱ्या कोणाला तरी लिहायला देऊ."

"राहू दे, मीच लिहिते. कशाला कोणाला त्रास."

कुतैबाने विज्दानकडे पाहिलं. "दुसरी वेळ आहे तुझी. मागे बर्फाचं कारण ऐकून घेतलं होतं आम्ही." तिथेच उभ्याउभ्या त्याने तिला ग्रुपमधून काढलं आणि चार टेबलं पलीकडे जाऊन बसला.

हदील मात्र खुर्ची ओढून जवळ आली. विज्दानच्या हातावर हात ठेवला.

"अगं, चेष्टा होती ती. तुझ्याकडे आहे ना अजून ते?"

"आहे."

"ऐकवणारेस त्याला?"

विज्दानने पलीकडे पाहिलं. एक हाक मारली असती तर कुतैबा उठून आला असता.

"ऐकव की," हदील म्हणाली. "मी जाईन ग्रुपमधून. पण सगळं कॉलेज कोणाला हसेल, माझ्या आईला? त्यापेक्षा पुसून टाक. शीट मी पाठवते तुला, गुपचूप. अकराच्या अकरा. संध्याकाळपर्यंत तुझ्या फोनवर असतील."

"शप्पथ?"

"वल्लाह. माझ्या आईची शप्पथ."

विज्दानने तो तुकडा पुसला. हदील वाकून बघत होती.

"पुसलेल्या फाइल पडून राहतात ना, तिथूनही काढ."

तिने तिथूनही काढला.

"शहाणी माझी. आता तुझ्या नोट्सच्या वहीचे फोटो काढू दे हं मला, चांगली पन्नास-साठ पानं आहेत."

हदीलच्या एका हातात फोन आणि दुसऱ्यात कॉफी, म्हणून पानं विज्दाननेच उलटली. एक पान हललं तर हदीलने ते पुन्हा धरायला लावलं. सगळे फोटो निघाल्यावर तिने विज्दानच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि ती गेली.

गावी पोचल्यावर विज्दान गच्चीवर गेली. नेटवर्क तिथेच बरं मिळायचं. तिने हदीलला लिहिलं, "शीट पाठवतेस ना?" एक टिक आली. सूर्य बुडाला, मगरिबची अजान झाली, लोक नमाज पढून घरी परतले, तरी एकच टिक. हदीलच्या नावाशेजारी तिचा हसरा फोटो असायचा; तिथे आता करडं वर्तुळ होतं. मधल्या वेळात अम्मानच्या मावशीला पाठवलेल्या सलामाला मात्र दोन टिक येऊन उत्तरही आलं होतं.

नेटवर्क गेलं असेल, असं विज्दान स्वतःशीच म्हणाली, आणि पाण्याच्या टाकीवर चढून तिने फोन आणखी वर धरला.