माझ्या घुमटाखालची कुजबुज

मित्रांनो, मी एक जुनं, गोल सभागृह आहे. तंजावूरच्या एका कॉलेजच्या आवारात १९५१ साली मला बांधलं. पापनाशमच्या गवंड्यांनी चुन्यात हिरड्याचं पाणी आणि गूळ घालून माझा घुमट इतका गुळगुळीत घोटला, की एका भिंतीशी कुणी कुजबुजलं तर ते साठ फुटांवरच्या समोरच्या भिंतीशी स्पष्ट ऐकू येई. कॉलेजात पाहुणे आले की आधी मला दाखवत. मुलं भिंतीला कान लावून परीक्षेच्या प्रश्नांच्या आणि एकमेकांच्या लग्नांच्या कंड्या पिकवत. गणिताचे सीतारामराव मात्र म्हणत, "पोरांचे चाळे." अकरा वर्षांत त्यांनी एकदाही कान लावला नाही. वेष्टीला, म्हणजे धोतराला, चुना लागेल ही काळजी.

१९६२च्या जूनमध्ये गणित शिकवण्याच्या एका जागेसाठी माझ्याकडे मुलाखती ठरल्या. कमलाक्षी लवकरच येऊन भिंतीजवळच्या बाकावर बसली. राजवाड्यामागच्या मराठी गल्लीतली ही मुलगी सीतारामरावांची शेजारीण आणि विद्यार्थिनीही. वडील नव्हते. नोकरी मिळाली तर आईचं चार घरी स्वयंपाकाला जाणं थांबणार होतं.

मुलाखती घ्यायला बसणारे सीतारामराव आपले जोडीदार गुरुराज मास्तर यांना समोरच्या भिंतीशी घेऊन गेले आणि तिसरे परीक्षक, तमिळ प्राचार्य कृष्णस्वामी, यांना कळू नये म्हणून मराठीत बोलू लागले. तमिळ गावात मराठी म्हणजे कुलूप, हा दोघांचा समज.

"पोर सगळ्यांत हुशार आहे," गुरुराज म्हणाले.

"म्हणूनच भीती. घेतली की लोक बोलतील, रावांनी आपलं माणूस बसवलं. मी नाहीच म्हणणार."

"मग अर्ज कर म्हणालात कशास?"

"तिची अम्मा रोज विचारी. तोंडावर नाही कसं म्हणू?"

मी शब्द धरून ठेवायला पाहिलं. घुमटाला मूठ नसते. एकही न सांडता सगळे मी तिच्या कानात ओतले.

मुलाखतीत तिने साऱ्या प्रश्नांची नीट उत्तरं दिली. जागा दुसऱ्याला गेली. सगळे पांगले, सीतारामराव त्याच भिंतीशी पान लावत बसले. जाता जाता कमलाक्षी आपल्या बाकापाशी थांबली आणि भिंतीशी हळूच म्हणाली, "काका, आज अम्मा विचारेल. तिला काय सांगू?"

रावांनी दचकून मागे पाहिलं. जवळ कुणी नव्हतं. मग पलीकडे ती दिसली. त्यांनी तोंड उघडलं. मी वाट पाहिली. नुसता सुस्कारा टाकला असता तरी पोहोचवला असता. त्यांनी उपरणं सारखं केलं.

ती गेली.

मित्रांनो, दर वर्षी माझे तडे बुजवतात, चुना देतात. उपकार आहेत. पण माझी खरी निगा तुमच्या तोंडी आहे. माझ्याखाली कुणाविषयी बोलाल, ते त्याला ऐकवण्याजोगंच बोला. मला नाही म्हणता येत नाही.