उजवीकडची जागा

दीपालीने अप्पांची गाडी विकायला काढली आणि सगळ्या राजपुरा मोहल्ल्याला कंठ फुटला. जो तो दारात उभा राहून सांगणार, "इतक्यात देऊ नका बरं का, अशी चीज पुन्हा मिळायची नाही!" अरे बाबांनो, तुम्हाला घ्यायची आहे का? नाही ना? मग गप बसा की!

पण चीज होती खरी. निळीशार मस्टँग, थेट अमेरिकेत बनलेली, अप्पांच्या तरुणपणची. कारखान्यात मशीन बसवायला आलेला कुणी गोरा साहेब परत जाताना ती अप्पांच्या गळ्यात घालून गेला होता. अप्पांची केळीची आडत. त्यांना हे आठ सिलिंडरचं धूड काय करायचं होतं? पण माणसाचा जीव कशावर जडेल, सांगता येतं का? त्यांनी ती अशी राखली की बंपरमध्ये बघून भांग पाडावा. आणि पळालेली म्हणाल तर जेमतेम. इंदूरला जुन्या गाड्या जमवणारा निरंजन नावाचा तरुण होता, त्याला मीटरचा फोटो पाठवला तर तो म्हणाला, "ताई, मजाक तर नाही करत ना?"

गाडी कमी का पळाली, ते दीपालीला पक्कं माहीत होतं. तिचं स्टिअरिंग डावीकडे. आपल्याकडच्या रस्त्यावर डावीकडे बसून गाडी चालवणारा म्हणजे अर्धा आंधळाच. पुढे ट्रक असला की त्याच्यापलीकडचं काही दिसत नाही. उजवीकडे बसलेल्याने डोकावून बघायचं आणि सांगायचं, 'जा' नाहीतर 'थांबा'. ते काम दीपालीच्या आईचं, रजनीबाईंचं. अप्पा घरात कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत. गाडीत मात्र बायकोने सांगितल्याशिवाय चाक वळवायचे नाहीत.

आई काविळीने गेली तेव्हा दीपाली शाळेत होती. त्यानंतर गाडी निघायची ती फक्त दसऱ्याला. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, आणि असीरगडापर्यंत एक फेरी. एकदा पोरीने हौसेने पुढचं दार उघडलं, तर अप्पा केवढ्यांदा खेकसले, "मागं बस! ती जागा धरलेली आहे." पुढे ट्रक आला की ते मान जराशी उजवीकडे कलती करायचे, थांबायचे, आणि मग खुशाल गाडी बाहेर काढायचे. शेजारी बघणारं कुणी नाही! मागे बसलेली पोर सीट घट्ट धरून डोळे मिटायची. तिला वाटायचं, बाप आईच्या मागे निघालाय आणि जाता जाता आपल्यालाही घेऊन चाललाय. त्याच रागात ती मोठी झाली, शाळेत शिकवायला लागली. गेल्या वर्षी अप्पा गेले तेव्हा तिला धड रडूही आलं नाही.

एक गोष्ट मात्र तिने कुणाला सांगितली नव्हती. आईचा चेहरा फोटोत होता, साड्या कपाटात होत्या. आवाज कुठेच नव्हता. कसा होता तो, तेच आठवेना. एकदा, फक्त एकदा कानावर पडावा म्हणून तिने काय वाटेल ते दिलं असतं.

निरंजन आला, गाडीभोवती फेऱ्या मारल्या, बॉनेट उघडून वेड्यासारखा हसला. मग चक्कर मारायला निघाले. दीपाली सवयीने मागेच बसली. इच्छापूर रोडला लागले तर पुढे केळीने लादलेला ट्रक.

"ताई, मला पुढचं काहीच नाही दिसत हो," निरंजन गाडी कडेला घेत म्हणाला. "तुम्ही पुढे येऊन बसा ना, प्लीज."

जन्मात पहिल्यांदा दीपाली त्या जागेवर बसली. पुन्हा एक ट्रक गाठला. तिने डोकावून पाहिलं, रस्ता स्वच्छ होता.

"जा," ती म्हणाली.

निरंजनने कचकन ब्रेक मारला. आणि तेवढ्यात केळीच्या बागेतून ट्रॅक्टर धडधडत निघाला आणि ट्रॉलीसकट रस्त्यावर आडवा झाला. ट्रकवाला कसाबसा वाचवून गेला, वर शिव्याही देऊन गेला.

"बाप रे!" निरंजनच्या कपाळावर घाम होता. "तुम्ही वेळेवर 'थांबा' म्हणाला म्हणून, नाहीतर आज आपलं काही खरं नव्हतं."

दीपालीच्या अंगावर सरसरून काटा आला. मी 'जा' म्हणाले होते, हे तिच्या ओठावर आलं आणि तिने ते तसंच गिळलं. "हो," ती म्हणाली, "ट्रॅक्टर दिसला मला."

घरी येऊन तिने दार लावलं आणि अप्पांच्या फोटोवर तुटून पडली. "जागा धरलेली होती काय? इतकी वर्षं आईचा आवाज एकटेच ऐकत होतात! मी मागे बसलेले होते ना हो अप्पा, तिची पोर मागे बसलेली होती! एका शब्दाने सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?" आणि मग वर्षाचं राहिलेलं रडू एकदम आलं.

व्यवहार ठरला. निरोप द्यायला डोईफोडियाहून मनकर्णाआत्या आली, अप्पांची थोरली बहीण, सगळा जन्म शेतात गेलेली. ती म्हणाली, "पोरी, बैल विकला तरी दावं देत नाहीत. दावं घरी राहिलं म्हणजे लक्ष्मी घरी राहते. गाडीचंही काहीतरी ठेवून घे."

"सीट ठेवते," दीपाली म्हणाली. "उजवीकडची."

"अगं बया! मी किल्लीचा गोफ ठेव म्हणत होते!"

पण दीपाली हट्टाला पेटली. निरंजनने खूप कुरकुर केली, 'ओरिजिनल आहे हो ताई' म्हणून विनवलं. शेवटी गाडी हातची जाईल या भीतीने कबूल झाला. मिस्त्रीने नट काढले. सीट दीपालीच्या बैठकीत येऊन बसली आणि गाडी एका बाजूने बोडकी होऊन इंदूरकडे निघाली. ट्रेलर कशाला, मजेत चालवत नेतो, म्हणाला पोरगा. या वेडाबाईनेही हात हलवून त्याला टाटा केला.

मग ती सीटवर जाऊन बसली. डोळे मिटले. "आई," ती म्हणाली, "बोल ना गं. आता कुणी नाही मध्ये."

काही नाही. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. स्वयंपाकघरात आत्या भांडी विसळत होती. दीपालीने जुन्या रेक्झिनला गाल लावला. नुसता उन्हाचा आणि पेट्रोलचा वास. सगळं गाव हसेल असं खूळ केलंस बाई, असं तिचं तिलाच वाटायला लागलं.

आणि तेव्हा कानाशी, अगदी कानाशी, आवाज आला. "थांबा!"

किंचित घोगरा, शेवटी चढणारा. हाच! हाच होता तो! दीपालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "आई गं..."

"थांबा! अहो, थांबा!"

दुसऱ्यांदा ऐकलं आणि तिचा आनंद जागच्या जागी गोठला. ही लाडाची हाक नव्हती. ही हाक तिला नव्हतीच. आई असं ओरडायची ती फक्त रस्त्यावर, ट्रकच्या मागे, डावीकडे बसलेल्या माणसाला. आणि आता डावीकडे बसलेला निरंजन कुठेतरी रस्त्यावर होता, शेजारी कुणी बसू शकणार नाही अशा गाडीत.

तिने निरंजनला फोन लावला. वाजतोय, वाजतोय. सीटमधून आवाज सुरूच, "थांबा! थांबा!" उचल रे बाबा, उचल!

"हां ताई," एकदाचा निरंजन बोलला. "एक मिनिट, गाडी साइडला घेतो." मग फोनमध्ये कर्कश हॉर्न, काहीतरी प्रचंड घरघरत गेल्याचा आवाज, आणि नुसता श्वास. बैठकीतला आवाजही थांबला होता.

"ताई," तो पुन्हा बोलला तेव्हा त्याला शब्द सापडत नव्हते. "मी ओव्हरटेकला निघालोच होतो. घाटातून डंपर आला. तुमच्या फोनमुळे डावीकडे घेतली, नाहीतर..."

"परत या," दीपाली म्हणाली. "सीट घेऊन जा. आणि ऐका, त्या दिवशी 'थांबा' मी नव्हते म्हणाले."

"मग कोण?"

"माझी आई."

उन्हं कलायच्या आत गाडी दारात उभी राहिली. मिस्त्रीला पुन्हा बोलावलं. निरंजनचा चेहरा पांढराफटक होता.

"घाबरलात?" दीपालीने विचारलं.

"घाबरलो ना. पण त्या सीटशिवाय जायची जास्त भीती वाटते."

नट आवळून झाले. दीपालीने आतून सूप आणलं. तांदूळ, नारळ, खण, आईच्या आवडीची हिरवी काचेची बांगडी. सीटला हळदकुंकू लावलं आणि सासरी जाणाऱ्या लेकीची भरावी तशी तिने आपल्या आईची ओटी भरली. आत्याने तोंडाला पदर लावला. तीच म्हणाली होती ना, दावं ठेव म्हणून. आता तिनेच पुढे होऊन सीटला नमस्कार केला.

"तिचं ऐकत जा," दीपालीने निरंजनला सांगितलं. "आणि शेजारी कुणाला बसवू नका."

इंजिन घुमलं. एवढा वेळ कोरडे ठेवलेले डोळे तिला दगा द्यायला लागले. क्षणभर वाटलं, दार उघडावं, आत बसावं, जाऊच देऊ नये. तिने ओठ दाताखाली धरला, भरभर चालत गल्लीच्या तोंडाशी गेली आणि डोकावून दोन्हीकडे पाहिलं. एक रिक्षा गेली. एक म्हैस रमतगमत पार झाली. मग रस्ता रिकामा झाला.

"मोकळा आहे गं, आई," ती म्हणाली. "जा."