चाळीस पावलांचा नवस

या, असे जवळ सरका. टाळ जरा मांडीवर ठेवा. बुवा अजून हातपाय धुतायत. ते उभे राहीपर्यंत छबूबाईची गोष्ट सांगतो. लांबची नाही, आपल्या गर्भगिरीच्या डोंगरावरचीच आहे.

छबूबाईनं बोट तोंडात घालून ओलं केलं आणि वर धरलं. सकाळपासूनची ही सातवी खेप. वारा रस्त्याच्या अंगानं येत होता, म्हणजे वाईट; खालची ठिणगी थेट डोंगरावर यायची. तिनं गळ्यातली शिट्टी चाचपली, आग झोडपून विझवायचा निरगुडीचा झोडपा मांडीवर ओढून घेतला आणि पुन्हा समोरच्या वाळल्या गवताच्या पट्टीकडे बघत बसली.

ती वनसमितीची राखणदार. डोंगराच्या कडेनं दरवर्षी दहा पावलं रुंदीचं गवत कापून, पसरून, मुद्दाम जाळायचं. तिला जाळरेषा म्हणतात. खालून वणवा आला तरी त्या काळ्या पट्टीवर त्याला खायला काही उरत नाही, तिथंच मरतो. यंदा समितीच्या बायांनी पौषातच सगळी रेषा काळी केली होती. राहिली होती फक्त चाळीस पावलं. तिथं पवन्या गवत कमरेएवढं उभं, वाळून नुसतं खसखसत होतं. ते छबूबाईनं जाणूनबुजून राखलं होतं.

कारण असं की, तिची लेक सविता शेवगावकडे दिलेली. नऊ वर्षं पदरात लेकरू नाही. तेव्हा सवितेच्या सासूनं, मनकर्णाबाईनं, डोंगरावरच्या नाथाला नवस बोलला: लेकरू होऊ दे, डोंगर पेटवून तुला उजेड दाखवीन. आसपासच्या चार वाड्यांत जुन्या माणसांची ही चालच होती. तेव्हा डोंगर बोडका होता, पेटला काय नि विझला काय. पण एकोणीस वर्षांपूर्वी बायांनी चराई बंद केली, चर खणले, बिया टोचल्या. आता वर सालई आहे, धावडा आहे, अंजन आहे. करवंदीच्या जाळीत तितर ओरडतात. एक काडी ओढली तर एका दुपारी सगळं राख.

सवितेला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा छबूबाई आधी हसली, मग रडली आणि मग तिची झोपच उडाली. देवाला दिलेला शब्द मोडायचा कसा, आणि डोंगर द्यायचा कसा? विचार करकरून तिनं ही वाट काढली. जाळरेषा जाळायचीच असते. मग त्यातली चाळीस पावलं नवसासाठी ठेवू. आग डोंगरावरच लागेल, नाथाला दिसेल आणि डोंगरही वाचेल.

वाट चांगली होती, पण लांबली. मुलगी माघात झाली. सव्वा महिना पाळायचा, म्हणजे फाल्गुन सरत आला. तोवर वणव्याला ते चाळीस पावलांचं दार उघडंच. वनरक्षक साहेबांनी विचारलं, हे का राहिलं? छबूबाई म्हणाली, दगड लई हाय तिथं, करते की दोन दिसांत. देवळात पुढच्या रांगेत बसणारी बाई; असं ठरवून खोटं ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली. सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला सगळ्यांचे डोळे मिटले होते, आणि ही मंडपाचं कापड कुठल्या बाजूला फुगतंय ते बघत होती. कापड डोंगराकडे फुगलं तशी चपला हातात घेऊन उठली. काल्याचा प्रसादही घेतला नाही.

अखेर ती मंडळी आली. पहाटेचं दव होतं, वारा पडलेला. छबूबाईनंच ही वेळ सांगितली होती. सविता लेकीला छातीशी धरून, मागं मनकर्णाबाई नारळ आणि काडेपेटी घेऊन. छबूबाईनं पट्टीच्या वरच्या अंगाचं गवत आदल्या दिवशीच उपटून माती उघडी केली होती. तिनं पट्टी दाखवली.

मनकर्णाबाई बघतच राहिली. "एवढंच? विहीणबाई, म्या डोंगर बोलले हुते. बांध न्हाई बोलले."

"डोंगराचंच अंग हाय हे."

"नाथानं नात देताना हातचं राखलं का? अख्खी दिली. नखासकट." ती नातीकडे वळली. "कमी पडलं आन् उद्या या पोरीला काय झालं, तर तुमी येनार हाय का आडव्या?"

ती भांडत नव्हती, भ्याली होती. छबूबाईला ते दिसलं. तिनं वर सालईकडे बघितलं, मग पट्टीच्या कडेच्या नाथाच्या दगडापाशी गेली आणि त्यावर हात ठेवला.

"नाथा, राहिलेला नवस माझ्या अंगावर. काय कमी पडंल ते माझ्याकडून घे. लेकराकडं बघू नको."

मनकर्णाबाईनं डोळे पुसून काडेपेटी पुढं केली. सवितेनं लेक सासूच्या हातात दिली, काडेपेटी घेतली. माझ्यासाठी बोलला ना, मग मीच लावते, म्हणाली. दवानं गवत आधी धुमसलं, मग भडकन पेटलं. दोघी मायलेकी झोडपे घेऊन दोन्ही टोकांना धावल्या. मधेच एक झुळूक आली, ठिणगी आतल्या अंगाला उडाली; छबूबाईनं ती पायाखाली चिरडली, चप्पल वितळून टाचेला चिकटली. पाऊण तासात चाळीस पावलं काळी झाली. वर डोंगर जसाच्या तसा पिवळा.

तेवढ्यात साहेब मोटारसायकलवरून आले. कुठं आग दिसली की उमटतो तसा त्यांच्या मोबाईलवर डोंगराच्या नकाशात लाल ठिपका उमटला होता.

"कोणी लावली?"

सवितेनं तोंड उघडलं, पण छबूबाई पुढं झाली. "म्या. आन् साहेब, तिथं दगाड नव्हतं. नवसासाठी राखलं हुतं. अडीच महिने तुमाला खोटं बोलले."

साहेब भला माणूस. त्यानं बुटाच्या टोकानं राख उकरून बघितली. म्हणाला, मावशी, या अडीच महिन्यांत खालून एक ठिणगी आली असती तर? छबूबाई म्हणाली, तेच रोज बघत बसले हुते. त्यावर साहेबांनी मान खाली घातली आणि राखणीची शिट्टी मागायला हात पुढं केला.

तिनं शिट्टी गळ्यातून काढली. एकोणीस वर्षांची दोरी, केसांत अडकली; सवितेनं सोडवली. पदरानं पुसून तिनं ती साहेबांच्या हातावर ठेवली.

मनकर्णाबाई छबूबाईच्या मोकळ्या गळ्याकडे बघत होती. तिनं नातीचं टोपडं सारखं केलं, दगडापुढं नारळ फोडला आणि हळूच म्हणाली, "फिटला नवस."

उतरताना छबूबाई सगळ्यांच्या मागं होती, लंगडत. काळ्या पट्टीपाशी ती थांबली. बोट तोंडात घातलं, ओलं केलं आणि वर धरलं.

बुवा उभे राहिले बघा. घ्या टाळ. एवढंच मागणं आहे: उद्या डोंगराच्या वाटेनं जाल, वर सालईला पालवी दिसेल, तेव्हा खालच्या त्या काळ्या रेषेपाशी पळभर थांबा, आणि आमच्या छबूबाईला आठवा.